व्हर्लिनच्या हातची काडतुसं

मित्रांनो, मी एक जुनी प्रेस आहे. तुमच्या डोळ्यांपुढे लगेच इस्त्री आली असेल, नाहीतर छापखाना. मी तसली नव्हे. मी ओतीव लोखंडाची, लांब दांड्याची, रायफलची उडालेली काडतुसं पुन्हा भरणारी प्रेस. मुक्काम अमेरिकेतलं मोंटाना.

पहिले मालक वारल्यावर मी बरीच वर्षं त्यांच्या गोठ्यात पडून होते. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसायच्या. पुढचं सांगत नाही. मग एका पानगळीत व्हर्लिन हाउगेनने मला घरी आणलं. हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने मला घासलं, तेल लावलं आणि थेट जेवणाच्या टेबलाला पिळून बसवलं.

"माझ्या टेबलाला भोकं पाडलीस?" त्याची बायको आर्लेट ओरडली.

"बारीकशीच आहेत गं. यंदा एल्क हरणाच्या शिकारीला माझ्या हातची काडतुसं नेणार!"

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी माझ्या साच्यात घालण्याआधी तिला वंगणाचा मेणचट हात लावायचा असतो. व्हर्लिनला कुठला धीर! पहिलीच पुंगळी त्याने कोरडी घातली आणि ती रुतली. त्याने दात-ओठ खात दांडा वर ओढला. पुंगळी हलली नाही, टेबल मात्र उचललं गेलं आणि त्यावरचा सफरचंदाचा अख्खा केक घसरत त्याच्या बुटांवर उतरला.

त्याच दिवशी माझी रवानगी शिवणाच्या खोलीत झाली.

तिथे व्हर्लिन शिकला. हळूहळू हात बसला. मग दारू भरायची वेळ आली. प्यायची नव्हे, मित्रांनो, बंदुकीची. प्रत्येक पुंगळीत मोजून एकच माप. दोन मापं पडली, तर रायफल तोंडावरच फुटते. व्हर्लिन एकेक पुंगळी भरत असतानाच शेजारचा थोरवल्ड आला आणि आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा सांगू लागला. व्हर्लिन माना डोलावत ओतत राहिला. वर गोळ्या बसवून मोकळा झाला.

जेवताना सहज म्हणाला, "थोरवल्ड आला तेव्हा मी कुठल्या पुंगळीवर होतो, कोण जाणे."

आर्लेटने चमचा खाली ठेवला. "सगळी उघड."

"अगं, दिवसभर खपलोय! उद्या निघायचंय!"

"तुझं थोबाड काही फार देखणं नाही, व्हर्लिन. पण मला त्याची सवय झालीय. उघड."

तो धुसफुसत बसला. हातोडीसारख्या हत्याराने ठोकून एकेक गोळी काढायची, दारू तोलायची. प्रत्येक काडतूस बरोबर निघालं, की तो आर्लेटकडे "बघ" म्हणून बघायचा. एका काडतुसातली दारू तराजूवर ओतली आणि काटा भलतीकडेच गेला. बरोबर दुप्पट.

"जराशी जास्त आहे," तो पुटपुटला.

"जराशी?" आर्लेट म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातली काडतुसं घेऊन गेला. एकही एल्क मिळाला नाही. हात रिकामे, पण तोंड जागच्या जागी! आर्लेटने दारातच त्याचा मुका घेतला.

आता मी कामाला लागले, की खोलीचं दार बंद असतं. थोरवल्ड बाहेर पायरीवर कॉफी पीत पित्ताशयाची कथा कुत्र्याला सांगतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा हात लावत जा. पण केलेलं काम परत तपासायला लावणारं माणूस घरात असेल, तर त्याला आधी जपा. मी गंजले तर दुसरी प्रेस मिळेल. तसं माणूस मिळत नाही.