दवाखान्यातल्या दोन पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घोडी आहे. एका बाजूने दोन पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूने उतरायच्या, एवढाच माझा आकार. १९६१ साली शहाद्याच्या नथ्थू सुताराने मला या दवाखान्याच्या डॉक्टरांसाठी सागाच्या फळ्यांतून घडवले.

"डॉक्टर, हाई कोनता माळावर चढासाठे शे?" त्याने विचारले.

"माळ्यावर नाही, माणसाचं हृदय तपासायला," डॉक्टर म्हणाले. नथ्थूला ती थट्टाच वाटली.

पण ते खरे होते. निजलेल्या माणसाचे हृदय निवांत असते. त्याला रक्त कमी पडत असेल, तर ते श्रम झाल्यावरच कळते. म्हणून डॉक्टर रोग्याला घड्याळ लावून माझ्यावरून चढ-उतार करायला लावत आणि लगेच त्याचा कार्डिओग्राम काढत.

त्याच वर्षी एका सकाळी म्हसावदहून शांतीबाई आल्या. पन्नाशीच्या असतील. सोबत त्यांचे पती लोटनभाऊ होते. बाईंना चालताना छातीत कळ येई, पण निजवून काढलेला कार्डिओग्राम अगदी स्वच्छ निघाला.

"इले काही व्हयेल नई, डॉक्टर," लोटनभाऊ म्हणाले. "पानी भरानं म्हनं की छातीवर हात ठेवस. घरमा समदा म्हंतस, सोंग शे."

शांतीबाई खाली मान घालून उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे आणले.

अनवाणी, भेगाळलेली पावले माझ्यावर पडू लागली. पहिल्या फेऱ्या हलक्या गेल्या. दहाव्या फेरीला पाऊल जड झाले. बाराव्या फेरीला ते माझ्यावर नुसते थबकले. बाईंच्या कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारले.

त्यांनी पतीकडे पाहिले आणि मान हलवली, नाही म्हणून. पण डॉक्टरांनी त्यांना हात धरून उतरवले, निजवले, जिभेखाली गोळी दिली. यंत्रातून कागद सरकू लागला. प्रत्येक ठोक्याच्या टोकानंतर सरळ असायला हवी ती रेघ खाली झुकत होती.

"लोटनभाऊ, हृदयाला रक्त फार कमी पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "दुखणं मोठं आहे. यापुढे ओझं उचलायचं नाही."

शांतीबाई रडू लागल्या. डॉक्टर धीर देऊ लागले, तेव्हा बाईंनी एवढेच विचारले, "हाई सोंग नई शे ना?"

"नाही, बाई. खरं आहे."

जाताना लोटनभाऊंनी बाईंची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. पुढच्या खेपेला बाईच हसत सांगत होत्या की, आता विहिरीवर हे जातात आणि गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात.

त्या वेळी या दुखण्यावर आमच्याकडे गोळी आणि विसावा, एवढेच होते. १९६६ च्या थंडीत, शांतीबाई गेल्यावर, लोटनभाऊ एकटे आले. माझ्या खालच्या पायरीवर बसून म्हणाले, "तुमनामुळे आमले पाच वरीस भेटनात, डॉक्टर."

गेल्या वर्षी डॉक्टर सुरतेला मुलाकडे राहायला गेले. नवे डॉक्टर माझ्यावर औषधांची खोकी ठेवतात. एक फळी सुटली आहे, धूळही साचते.

माझे काही नाही, मित्रांनो. पण तुमच्या घरातले कुणी चालता चालता थांबले, तर हसू नका. आधी त्यांच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्या, आणि मग विचारा, कुठे दुखते.