आता उघडलंच आहे तर

शनिवारी सकाळी ट्रेवर गॅरेजमध्ये शिरला तेव्हाच लॉर्नाने त्याला बजावलं होतं. फक्त कार्बुरेटर. दोन आहेत, ते साफ कर, बसव आणि गाडी चालू कर. बाकी एका नटालाही हात लावायचा नाही. ट्रेवरने मान डोलावली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या मान डोलावण्याची किंमत बाईला ठाऊक असतेच. तरी लॉर्नाने ती खरी धरली, कारण सोमवारी तिला सत्तर वर्षं पूर्ण होत होती.

सत्तरी आली की इंग्लंडात लायसन्स आपोआप संपतं. पुढे हवं असेल तर आपले डोळे ठणठणीत आहेत असं स्वतः लिहून, सही करून पाठवायचं. लॉर्नाचे डोळे ठणठणीत नव्हते. जूनमध्ये डॉक्टरीण बाईंनी तपासून सांगितलं होतं की डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चाललाय. आज नियमात बसतंय, नाताळात बसेल असं सांगता येत नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी फाटकाशी उभी राहून रस्त्यापलीकडच्या कीथच्या गाडीचा नंबर वाचून बघायची; लायसन्ससाठी डोळ्यांची परीक्षा तीच असते. अजून वाचता येत होता, पण तिसऱ्या अक्षरापाशी थोडं थांबावं लागत होतं. खोटं लिहून त्याखाली सही करणं तिच्याने होणार नव्हतं. म्हणजे रविवारचा उजेड मावळला की तिचं गाडी चालवणं संपलं.

आणि गाडी तिचीच होती. गावात सगळे 'ट्रेवरची गाडी' म्हणत, ते ऐकून तिचं डोकं फिरे. नदीपलीकडच्या मोटारींच्या कारखान्यात, आता तिथे घरं झाली आहेत, ती सीटांचं चामडं शिवायच्या खात्यात सात वर्षं होती. एकविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून तिने ही हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी घेतली. तेव्हा ट्रेवर पाणीखात्यात नकाशे काढत होता आणि सायकलवरून फिरत होता. रविवारी दुपारी ती टप मागे टाकून पांढऱ्या घोड्याच्या टेकडीपर्यंत जायची आणि डोक्याला बांधलेला रुमाल परत येईपर्यंत गळ्यात आलेला असायचा. मग लग्न झालं, मुलगी झाली. दोन सीटांच्या गाडीत तिघं बसत नाहीत म्हणून गाडी गॅरेजमध्ये गेली, आणि ट्रेवर निवृत्त झाल्यावर ती त्याच्या तावडीत सापडली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

ट्रेवर आळशी असता तर बरं झालं असतं. तो दर शनिवार-रविवार न चुकता राबायचा. पुस्तक उघडून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक बोल्ट मुरंब्याच्या बरणीत ठेवून बरणीवर चिठ्ठी लावायचा. त्याचं एकच वाक्य होतं, आणि त्या वाक्याने लॉर्नाची अकरा वर्षं खाल्ली होती. ब्रेकची नळी बदलायला चाक काढलं. आता उघडलंच आहे तर स्प्रिंगही बघून घेतो. स्प्रिंग काढली, तिच्या मागचा पत्रा गंजलेला दिसला. आता उघडलंच आहे तर पत्रा कापून नवा लावतो. पत्र्यासाठी सीटा काढाव्या लागल्या. सीटा काढल्याच आहेत तर नव्या मढवून घेऊ, असं तो म्हणाला तेव्हा मात्र लॉर्ना गॅरेजच्या दारात आडवी उभी राहिली होती. डाव्या सीटची कडेची शिवण जरा वाकडी गेली होती. ती तिच्याच खात्यातली शिवण होती. ती शिवण उसवली तर मी तुला उसवीन, असं तिने त्याला सांगितलं होतं.

या वसंतात गाडी एकदाची पुरी झाली. ट्रेवरने ती गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली. लॉर्नाने किल्ली मागितली तर म्हणाला, आधी ब्रेक नीट जुळवतो, दहा मिनिटांचं काम आहे. ती दहा मिनिटं ऑगस्टपर्यंत चालली. आणि तीन आठवड्यांपूर्वी, ब्रेक जुळल्यावर, गाडी चालूच होईना.

शनिवारी जेवणाच्या वेळी लॉर्ना चहा आणि बेकनचं सँडविच घेऊन गॅरेजमध्ये गेली. रेडिओवर क्रिकेटचं समालोचन मोठ्याने लागलं होतं, इतकं की कपाटातल्या बरण्या थरथरत होत्या. कार्बुरेटर बाकावर सुटे पडलेले होते, ते ठीक. पण स्टिअरिंगसमोरची काट्यांची फळी, अख्खा डॅशबोर्ड, काढून सीटवर ठेवलेली होती आणि तिच्यामागच्या तारा आतड्यांसारख्या बाहेर लोंबत होत्या. लॉर्नाने कप बाकावर ठेवला. एक दिवा लागत नव्हता, ट्रेवरने सांगितलं. दोन स्क्रू काढले की हात जातो असं पुस्तकात होतं, पण हात गेला नाही, म्हणून फळीच काढली. आता उघडलंच आहे तर सगळ्या तारा एकदा बघून घेतो.

"मला उद्या दिवसाउजेडी गाडी चालवायची आहे," लॉर्ना म्हणाली. "दिवा कशाला हवाय?"

ट्रेवरने यावर विचार केला आणि मुद्दा बरोबर आहे असं मान्य केलं. पण आता तर उघडलं होतं.

संध्याकाळी कीथ आला. कीथकडे तशीच पिवळी गाडी होती आणि जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तो सेक्रेटरी होता. दोघं खिशात हात घालून इंजिनाकडे बघत चाळीस मिनिटं उभे राहिले. लॉर्नाने भांडी घासता घासता खिडकीतून मोजली. या गावात पुरुष बिघडलेल्या इंजिनासमोर असे उभे राहतात की वाटावं प्रेत ठेवलंय. कीथने कार्बुरेटर उचलून उजेडात धरले आणि 'वाईट नाही' म्हणाला. ट्रेवरच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्यासारखा आनंद पसरला. पण पेट्रोल का चढत नाही, हे दोघांनाही सांगता येईना. टाकीच्या तळाशी गंज साचून नळी तुंबली असावी, असं कीथचं मत पडलं. तो गेला, पण लॉर्नाने ते खिडकीतून ऐकलं होतं. टाकी, हा शब्द ट्रेवरच्या कानावर पडायला नको होता.

रविवारी सकाळी तिने नंबर वाचला. तिसरं अक्षर आलं. आकाश मोकळं होतं. अकरापर्यंत कार्बुरेटर चढले, फळी बसली, आणि तो दिवा आता लागत होता. एक वाजता कोकराचं मांस ओव्हनमध्ये भाजून तयार झालं, दोनला ते वाळलं, अडीचला दोघांनी पुदिन्याची चटणी लावून ते न बोलता गिळलं. तीन वाजता ट्रेवरने किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. बॅटरी दमत चालली. लॉर्ना डोक्याला रुमाल बांधून, हातमोजे घेऊन फाटकाशी उभी होती. साडेतीनला ती गॅरेजमध्ये आली तेव्हा ट्रेवर गाडीमागे जॅक सरकवत होता.

"काय करतोयस?"

"टाकी उतरवतो. कीथ म्हणाला तेच असणार."

टाकी उतरवली की टाकी धुवायची. टाकी धुतली की आतून रंग द्यायचा. रंग वाळायला आठवडा. आणि टाकी निघालीच आहे तर मागचा पत्रा. लॉर्नाला हे सगळं एखादी ओळखीची वाट दिसावी तसं नाताळपर्यंत आणि त्याच्याही पुढे दिसलं, म्हणजे तिला धड दिसेनासं झालेलं असेल तिथपर्यंत.

ती ओरडायला गेली. पण रेडिओवर कुणीतरी बाद झालं होतं, त्या गोंगाटात तिचं ओरडणं वाया गेलं असतं. म्हणून तिने आधी रेडिओ बंद केला.

गॅरेज एकदम शांत झालं. किल्ली अजून पुढे फिरवलेलीच होती, फळीवरचा तांबडा दिवा जळत होता. लॉर्ना ओरडायचं विसरली. तिने मान कलती केली आणि ऐकलं.

"तुला काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

ट्रेवर जॅक धरून उभा राहिला. "काही नाही."

"मलाही नाही. हेच तर."

या गाड्यांत किल्ली फिरवली की मागे, उजव्या चाकाच्या पुढे, तळाशी पेट्रोल ओढणारा एक पंप टिकटिक करतो. घड्याळासारखा, पण घाईतल्या घड्याळासारखा. कार्बुरेटर भरले की थांबतो. कार्बुरेटर रिकामे असून टिकटिक नाही, म्हणजे पंप अडकलाय. कारखान्यातल्या शिवणखात्यातल्या पोरींनाही हे ठाऊक होतं. कीथला ठाऊक असायला हवं होतं, पण त्याने त्याच्या गाडीला नवा, मुका पंप लावून घेतला होता. आणि ट्रेवर पुस्तक वाचत होता. पुस्तकाला आवाज नसतो.

"तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारातून मी तुला विचारलं होतं," लॉर्ना म्हणाली. "पंप टिकटिक करतोय का? तू म्हणालास हो."

"तू विचारलंस, पंप ठीक करतोय का. मी त्याचे तारांचे जोड घासत होतो. म्हणून म्हटलं, हो, ठीक करतोय."

"टिकटिक, ट्रेवर."

"मला ठीक ऐकू आलं."

"तुला ठीक ऐकू येत नाही, हाच सगळा घोळ आहे. दोन वर्षं झाली तपासायला जा म्हणून सांगतेय. तीन आठवडे त्या रेडिओच्या बोंबेत बसून आवाज होतच नाही हेही तुला कळलं नाही."

चष्मा कपाळावरून काढून ट्रेवरने फडक्याने पुसला. फडकं तेलकट होतं, त्यामुळे चष्मा होता त्याहून वाईट झाला. लॉर्नाला त्याची दया आली असती, पण घड्याळात पावणेचार झाले होते.

तिने बागेतली गुडघे टेकायची गादी आणली, उजव्या चाकाशी टाकली आणि त्यावर बसली. उजव्या पायातला बूट काढला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या चौकात, मागे बसगाड्यांची रांग लागलेली असताना तिने हेच केलं होतं, आणि बसवाल्याने टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा बुटाची टाच लाकडी होती. ही रबरी. तिने हात आत घातला, चाचपून पंप शोधला आणि टाच हाणली. काही नाही. पुन्हा हाणली. ट्रेवर म्हणाला की पुस्तकात असं कुठेही नाही. तिसरी तिने पुस्तकाच्या नावाने हाणली.

टिक, झालं. मग टिकटिकटिकटिक, अगदी बेभान. मग सावकाश. मग एक टिक, थांबून आणखी एक, आणि पंप पोट भरल्यासारखा गप्प झाला.

"आला का?" ट्रेवरने विचारलं.

"आला," ती म्हणाली आणि हात पुढे केला, तेव्हा त्याने तिला ओढून उभं केलं.

बूट चढवून ती स्टिअरिंगमागे बसली. दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं. धूर झाला, कपाटातल्या बरण्या पुन्हा थरथरल्या. त्या आवाजाच्या वर ट्रेवर खिडकीशी वाकून सांगत होता की आता कळलंच आहे तर पंप उतरवून आतले जोड घासून घेतो, नाहीतर वाटेत पुन्हा अडकेल. दहा मिनिटं.

"पाना खाली ठेव," लॉर्ना म्हणाली. "यायचं असेल तर बस. नसेल तर बाजूला हो."

तो बसला, वाकड्या शिवणीच्या सीटवर. पाना त्याने खिशात घातलेला तिला दिसला, पण तिने तो विषय काढला नाही. कीथ फाटकाशी उभा होता. तिने जाता जाता त्याच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या अक्षरासकट.

टेकडीपर्यंतचा रस्ता तिला पाठ होता. वळणं हातांना आठवत होती. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी पिवळी पडली होती, रुमाल अर्ध्या वाटेतच गळ्यात आला. चढावर ट्रेवर म्हणाला की मागून काहीतरी आवाज येतोय. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं."

वर पोहोचल्यावर तिने इंजिन चालूच ठेवलं. खालच्या उतारावर शेकडो वर्षांपूर्वी माती खरवडून कोरलेला खडूचा पांढरा घोडा होता. तिला तो मधोमध पुसट आणि कडांना स्पष्ट दिसला. ती बराच वेळ बघत बसली. मग बॉनेट उचलल्याचा आवाज आला. आता थांबलोच आहोत तर नुसतं तेल बघतो, ट्रेवर पुढून म्हणाला.

"हात काढ," ती म्हणाली, आणि त्याने काढला, कारण तिने गिअर टाकला होता.

सूर्य नदीवर टेकायच्या आत ते घरी पोहोचले. लॉर्नाने गाडी एका झटक्यात, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून गॅरेजमध्ये घातली आणि इंजिन बंद केलं. पंप एकदा टिक झाला. तिने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. उद्या सकाळी कान तपासायला फोन करीन, असं ट्रेवर समोरच्या बरण्यांकडे बघत म्हणाला.

लॉर्नाने किल्ली काढून त्याच्या तेलकट तळहातावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "आता उघड काय उघडायचं ते."