चढावरचे वीस

भिंगरीने हँडलवरच्या मीटरला अंगठ्याने टकटक केलं, मग चक्क एक चापट मारली. आकडा हलेना. सरासरी वेग, सव्वीस पॉइंट सात.

"मामा, हा बिघडलाय. जाताना वीस धरले, येताना चाळीस. तीस यायला हवेत ना?"

मामा खाली बसून तिच्या सायकलची चेन पुसत होता. शर्यत संपल्या संपल्या चेन पुसायचं कुणाला सुचतं?

"असेल बिघडला," तो म्हणाला. "पण पंचांचं घड्याळ थोडंच बिघडलंय? जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणे! जशी काही बसच चुकली होती. सायकलिंगच्या संघात जागा एकच, आणि पुढच्या वर्षी भिंगरी वयात बसणार नव्हती. हे मामाला तिच्याआधी ठाऊक होतं.

दहा किलोमीटर चढ, वर वळसा, त्याच रस्त्याने दहा किलोमीटर उतार. सरासरी तीसच्या खाली आली की बाद. मामाने तिची तयारी तुकड्यातुकड्यांनी करून घेतली होती. एक दिवस नुसता चढ, दुसऱ्या दिवशी नुसता उतार. अख्खी फेरी एकदम नाहीच. पाय संपतात म्हणे. वडील गेल्यावर आईने भावाला एवढंच सांगितलं होतं, पोर तुझ्या हवाली. खरं तर चढावर भिंगरीच्या जवळपास कुणी फिरकत नसे. पण मामाने तिलाच आवरलं.

"चढाला वीसच्या वर जायचं नाही, उताराला चाळीस मार. वीस नि चाळीस, मधले तीस. झालं काम!"

हिशेब इतका सरळ वाटला की तिने तो पुन्हा मांडलाच नाही. मामा सांगतोय म्हटल्यावर मांडायचा कशाला?

ती नळाकडे गेली. तिथे मामाची मुलगी, छोटी, डोक्यावर पाणी ओतत होती. निवड तिचीच झाली होती, तरी चेहरा रडवेला.

"ताई, तुला आज झालं काय गं? मला वाटलं होतं, तुझं मागचं चाकसुद्धा दिसणार नाही मला."

"तू चढाला किती धरलेस?"

"पंचवीस. जीव गेला माझा! पण बाबा रोज डोकं खातात ना. चढाला वेळ जास्त लागतो, तिथे रेंगाळलीस तर उतारावर कितीही पळ, भरून निघायचं नाही."

भिंगरीचा हात नळाखाली तसाच राहिला. चढाला तिला अर्धा तास लागला होता, उताराला पंधरा मिनिटं. म्हणजे वीसच्या वेगाने ती दुप्पट वेळ चालली होती. मग मधले तीस येतीलच कसे? इतकं साधं होतं! आणि मामाला ते माहीत होतं. स्वतःच्या घरात रोज माहीत असायचं, तिच्यासमोर मात्र नाही. असा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

ती परत आली.

"मामा, मीटर चांगला आहे."

फडकं थांबलं.

"आणि माझे पायही चांगले आहेत. बघ, ताठ उभी आहे मी. शर्यत करून कुणी अशी उभी राहते का रे?"

"भिंगरे, ऐक..."

"नुसतं म्हणायचंस, छोटीसाठी थांब. कदाचित थांबलेही असते. पण तू मला गणित शिकवलंस."

मामाने नळाकडे पाहिलं. छोटी केस पुसत इकडेच येत होती.

"तिला यातलं काही माहीत नाही," तो घाईघाईने कुजबुजला. "तिला सांगू नकोस. सोडून देईल ती जागा."

माफीचा एक शब्द नाही, आणि वर हे!

"ताई, मला काही पटत नाही बाई," छोटी येता येताच म्हणाली. "तू चढाला मागे पडूच कशी शकतेस? किती धरले होतेस?"

"वीस."

"चल! तू आणि वीस?"

"सांगितले होते तेवढेच."

छोटीला हसू आलं. तिने काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. भिंगरीने दुसरीकडे बघितलं. मामा पुन्हा चेनवर वाकला होता, मान पार खाली घालून.

"बाबा," छोटी म्हणाली, "वर बघा."