एक हुद्दा कमी

"चार वर्षं चिखलात लोळायचं आम्ही, आणि मेजर कोण, तर ही."

टिल्ली हे स्वतःशीच पुटपुटली. पण मी तिला खेटून बसून तिच्याच शर्टाचं बटण लावत होते, त्यामुळे न ऐकण्याची सोय नव्हती. ती बूट घासत होती. बुटांचा काही गुन्हा नव्हता, तरी जोर लावून घासत होती.

टिल्ली म्हणजे माझी भाची. उंचीने माझ्या डोक्यावरून गेली, लष्करात भरती झाली, नुकताच खांद्यावर तिसरा तारा लागून कॅप्टन झाली, तरी घरात टिल्लीच. आणि 'ही' म्हणजे तिची आई, माझी थोरली बहीण. ताई दातांची डॉक्टर. घराखालीच दवाखाना आहे. ती दात बघते, मी खुर्चीजवळ उभी राहून हवं ते हातात देते, कवळीच्या मापाचं प्लास्टर कालवते आणि पेशंटला तोंड मिटू नका म्हणून सांगते. भावजी जहाजावर इंजिनियर, म्हणजे घरात फोनपुरते.

लष्कराच्या मोठ्या रुग्णालयात जबड्याचे सर्जन कमी पडत होते म्हणून त्यांनी वयाची अट सैल केली. ताईने कुणाला न सांगता अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. पन्नाशीत. मला एवढंच म्हणाली, "कवळ्या करून कंटाळा आला गं." काही बायका अशा वेळी पडदे बदलतात.

मग आला हुद्द्याचा प्रश्न. त्याचं शास्त्र मला टिल्लीनेच कधीतरी समजावलं होतं. लढायला जाणारा माणूस तळापासून सुरुवात करतो, मग तो कितीही शिकलेला असो. टिल्ली इंजिनियर होऊन गेली, त्याबद्दल तिला ज्येष्ठतेत थोडे महिने मिळाले; चिखल मात्र सगळ्यांना सारखा. डॉक्टर, वकील ही मंडळी तयार होऊनच येतात, म्हणून त्यांची मागची वर्षं मोजतात. पदवीची मोजतात, पुढच्या शिक्षणाची मोजतात, रुग्णालयातली नोकरी पूर्ण धरतात. स्वतःच्या दवाखान्याची वर्षं मात्र जेमतेम धरतात. तिथे मालक आपणच, तेव्हा किती काम केलं आणि किती माश्या मारल्या कोण सांगणार, असा त्यांचा हिशोब असावा. एकूण काय, शिक्षण आणि दवाखाना धरून ताई कॅप्टन होत होती. पूर्वी अपघात रुग्णालयात जबडे सांधले ती सात वर्षं धरली की मेजर.

म्हणजे लेकीने आईला सलाम करायचा. भावजींनी फोनवर विचारलं, मी आलो की आधी कुणाला ठोकायचा तेवढं ठरवून ठेवा. कुणी हसलं नाही.

टिल्ली रजेवर आल्यापासून घरात सगळे फार नीट वागत होते. तिने आईचं अभिनंदन केलं, पण शेजारच्यांचं करावं तसं. ताई तिच्यासमोर लष्कराचं नाव काढत नव्हती. मी आपली अडकित्त्यातली सुपारी.

बटण लावून झाल्यावर मी खाली गेले. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. कागद दुसऱ्या दिवशी पाठवायचे होते आणि ताई पेशंटच्याच खुर्चीत पाय वर घेऊन हुद्दा ठरवण्यासाठीचा फॉर्म भरत होती. मी प्रमाणपत्रं लावायला घेतली. रुग्णालयाचं हातात घेतलं तशी ती म्हणाली, ते राहू दे, जोडायचं नाही. जुनं झालं. आता तसा हात तरी कुठे राहिलाय.

हे साफ खोटं होतं. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या सुताराचा सटकलेला जबडा तिने चहा निवायच्या आत बसवला होता. शिवाय मी तिच्या नकळत भरती कार्यालयात फोन करून सगळं विचारून घेतलं होतं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. ती सात वर्षं दाखवली नाहीत, तर तिला जबड्याच्या वॉर्डात घेणार नव्हते. कुठल्यातरी छावणीत दाढा भरायला धाडणार होते.

हे मी तिला सांगितलं. मग जातेस कशाला, असंही म्हटलं. दाढा इथेही आहेत.

ती पेनाचं टोपण काढघाल करत बसली. "तिने तो तारा कमावलाय," ती म्हणाली. "मी सहा आठवडे सलाम आणि चालणं शिकणार आणि तिच्या डोक्यावर जाऊन बसणार. बरं दिसतं का?"

"मला एक हुद्दा दान करतेस काय?"

टिल्ली जिन्यात उभी होती. अंगात घरातला झगा, पायात लखलखीत बूट.

ताई म्हणाली, तसं नाही गं, तुला वाईट वाटेल म्हणून.

"वाटतंयच. का नाही वाटणार? पहिला सलाम करताना मी दात-ओठ खाईन. माझं मी बघेन."

"दात खाऊ नकोस, झिजतात," ताई म्हणाली. सवयीने.

मला वाटलं, आता दोघी हसतील आणि मी चहा टाकीन. पण टिल्ली माझं स्टूल ओढून आईसमोर बसली. प्रमाणपत्र उचलून तिने त्यावरच्या तारखा वाचल्या.

त्या सात वर्षांना आमच्या घरात कुणी हात लावत नसे. टिल्ली दहाची असताना ताईने एके दिवशी ती नोकरी सोडली आणि खाली दवाखाना थाटला. का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी, जिला विचारल्याशिवाय राहवत नाही. 'हॉस्पिटल सुटलं' असं आम्ही म्हणायचो, ताप सुटल्यासारखं.

"या सात वर्षांत माझे पुढचे सगळे दात पडले," टिल्ली म्हणाली. "दातांची डॉक्टर एकदाही घरात नव्हती. मी मावशीला आई म्हणायचे. तू दारात उभी राहून ऐकलंस आणि न ऐकल्यासारखं करून आत गेलीस. म्हणून सोडलंस ना?"

मी प्लास्टरच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"हो," ताई म्हणाली.

टिल्लीने प्रमाणपत्र तिच्या मांडीवर ठेवलं. रागावली नव्हती.

"तू घरी नव्हतीस, आई. तिथे होतीस. मग तसं लिही."