अंगठ्याचा निळा रंग

अण्णांच्या अंगठ्याचं नख, टोकाला निळं आणि मुळाकडून पांढरं पांढरं वर सरकत आलेलं... ते मुलाखतीच्या पाठांतरासाठी केलेल्या कार्डाच्या कडेवर, आणि कार्डावर वर्षाराणीच्याच अक्षरात ‘स्लगिश डिमांड’. तिला आधी नखच दिसतं.

“म्हन की पोरी.”

“स्लगिश डिमांड. मागणी मंदावलीय, अण्णा.”

“फुडचं. बूमिंग इकॉनॉमी... म्हंजी बोंबलती का काय?”

“बोंबलतीच की,” आई गॅसपाशी हसली. “घरात बघा.”

खरं सांगू, तिने ते नख कोरं असं कधी पाहिलंच नव्हतं! परळीहून येऊन अण्णा तारापूरच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात लागले ते तिच्या जन्माआधी, आणि तिथे जो रंग चालू असेल तो नखात — कधी लाल, कधी हिरवा, शाळेत मुली विचारायच्या तर मी सांगायचे, मेंदी लावतात... मेंदी! — आणि मग निळा चालू असतानाच गेटला कुलूप लागलं. ऑर्डर आली की बोलावतो, साहेब म्हणाले. बाकीचे कुठे कुठे लागले, कोणी मनोरला हॉटेलात. अण्णांनी सगळी नखं कापली, अंगठ्याचं तेवढं ठेवलं, बोलावणं येईपर्यंत.

मुलाखतीला बोईसरच्या एका थंडगार ऑफिसात मॅडमनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या भागातली इकॉनॉमी कशी आहे? इंग्रजीत शब्द जोडीनेच फिरतात, असं क्लासचे सर म्हणायचे, आणि सगळ्या जोड्या एकदम धावत आल्या — जॉब कट्स, फॅक्टरी क्लोजर... खरं तेच होतं, अगदी ओठांवर होतं, पण मॅडम हसत होत्या आणि नोकरी हवी होती, हवीच, नाहीतर सामान बांधून परळी... आणि मी म्हणाले, साइन्स ऑफ रिकव्हरी. जराही न अडखळता. मॅडमनी मान हलवली. “सोमवारपासून या.”

घरी आली तर अण्णा दारात पेपर पसरून बसलेले, हातात नेलकटर. निळं उरलंच होतं कितीसं...

“काय इचारलं गं?”

“इकॉनॉमीचं.”

“मग?”

“सुधारतेय, असं म्हणाले मी.”

“अन् मॅडम?”

“त्यांनी... मान हलवली.”

अण्णांनी नेलकटर नखापासून बाजूला घेतलं. “म्हंजी त्यास्नी ठावं असंल. कंपनीवाल्यांस्नी आधी कळतं.” मग नेलकटर मिटलं, पेपरची घडी घातली. “ऱ्हाऊ दे मग थोडे दिवस.”

अण्णा, ते पाठ केलेलं होतं — एवढंच म्हणायचं होतं. पण ते आईला हाक मारत होते, आवाज किती दिवसांनी मोठा... सोमवारचं सांगायचं तसंच राहिलं. ती चप्पल काढत उभी, आणि डोक्यात एकच — तिथे ते खोटं बोलताना जीभ जराशी अडखळली असती तर... जराशी...