साठच्या पुढची थरथर

केरबा मिस्त्रीनं पुढचं चाक पुन्हा हातानं फिरवलं आणि कान लावून ऐकलं. चाक सरळ फिरत होतं.

"बेरिंग नवी, चेन नवी, इंजिनाचे बोल्ट आवळून झाले," तो म्हणाला. "आता मलाच काय कळंना झालंय, उदयदादा."

उदयसिंहलाही कळत नव्हतं. काटा साठच्या वर गेला की हँडल थरथरायचं आणि बोटांना मुंग्या यायच्या. याच मोटरसायकलवरून तो आणि बायको वर्षाराणी दर दिवाळीनंतर लांब जात. गोकर्ण, बदामी, एकदा तर थेट कन्याकुमारी. तेव्हा गाडीनं कधी कुरकुर केली नव्हती. पुढं वर्षाराणीच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि गाडी कसबा बावड्यातल्या घरापासून कचेरीपर्यंतच फिरत राहिली. दवाखान्यात ती बहिणीबरोबर जायची. याला रजा मिळत नसे. यंदा मात्र तिनंच हंपीचं नाव काढलं होतं.

"तपासणीत सगळं बरं निघालंय," ती म्हणाली होती. "वजनबी भरलंय पयल्यासारखं."

केरबानं फडक्याला हात पुसले. "चला, मी मागं बसून बघतो."

शिये गावाच्या पुढं नव्या चौपदरी रस्त्यावर उदयसिंहनं गाडी पळवली. साठ. पासष्ट. हँडल शांत. त्याचा विश्वास बसेना. केरबाला कडेला उतरवून तो एकटाच पुढं गेला, तर थरथर हजर. परत मागं बसवलं, तर गायब.

"वजनाचा खेळ हाय की हो!" केरबा हसला. "मागं माणूस बसलं की गाडी दबती. खोड पयल्यापासनंच असणार. तुमी एकटं कधी लांब गेलाच न्हाईसा, कळणार कसं? माझ्यासारख्या काडीनं थांबली, वैनी बसल्यावर तर प्रश्नच न्हाई."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तशी वर्षाराणी पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजे गाडीलाबी मीच लागतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्याच रस्त्यावर एक चक्कर मारून बघायला निघाली. तिनं स्वेटर घातला होता, वरून शाल. उदयसिंहनं किक मारली आणि थांबला.

"बसलीस का?"

"कवाच बसलोय की."

रस्ता मोकळा होता. काटा साठवर आला आणि आधी बोटांच्या टोकांना कळलं. त्याला वाटलं, रस्ता खराब असेल. त्यानं गाडी दुसऱ्या पट्ट्यात घेतली. तेच. वारा असेल, असं म्हणून तो थोडा वाकला. तरी तेच. काल इथंच, याच वेगात, हँडल शांत होतं. मागं केरबा होता. केरबा अंगानं किती? खांद्यावरच्या तिच्या हाताकडं त्याचं लक्ष गेलं. हात आहे की नुसती शाल, हे मान वळवून बघितल्याशिवाय कळलं नसतं.

"थांबली न्हवं थरथर?" तिनं मागून विचारलं.

उदयसिंहनं काटा हळूहळू पन्नासाच्या खाली आणला.

"थांबली."

"मग जायाचं हंपीला?"

"जायाचं की." त्यानं गाडी डावीकडच्या पट्ट्यात घेतली. "सोमवारी दवाखान्यात तुझ्यासंगट मी येतो."

एक ट्रक त्यांना मागं टाकून पुढं गेला, मग एक एसटी.

"या," ती म्हणाली.