जनाबाईंचं नाव आणि माझे दोन कप्पे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. ठाण्याच्या वर्तकनगरात एका माळ्यावर, फुटक्या बादलीशेजारी माझा मुक्काम आहे. अंगावर धूळ साचली, पण चौकसपणा काही गेला नाही.

माझा जन्म १९९८ सालचा. या घरच्या डॉरिसने सुटे भाग आणून मला घरीच जुळवलं. दिवसा ती नोकरी करी आणि संध्याकाळी क्लासला जाऊन जावा नावाची संगणकाची नवी भाषा शिके. त्याच भाषेत तिने कोळणींच्या मासळी संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला आणि मला त्यांच्या कचेरीत बसवलं. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला, तेव्हा मी चांगलाच फुगलो होतो.

पुढे नव्या मासळी बाजारातल्या जागा वाटायच्या ठरल्या. जिचं नाव माझ्यातल्या सभासदांच्या यादीशी आधी जुळेल, तिने आधी जागा निवडायची. रांगेत पहिल्या होत्या जनाबाई. त्यांना दारालगतची जागा हवी होती; जुन्या बाजारात त्यांची आई दारापाशीच बसत असे. डॉरिसने त्यांचं नाव टाइप केलं. मी यादी धुंडाळली आणि बेधडक सांगितलं, नाव नाही. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. संस्थेचे सचिव दामाजी त्यांना बाजूला व्हा म्हणाले.

जनाबाई हलल्या नाहीत. यादीची छापील प्रत भिंतीवर होती. तिच्यातल्या आपल्या नावावर त्यांनी एक बोट ठेवलं आणि दुसरं माझ्या पडद्यावर.

"हितं नि तितं नाव येकच ना गो बाय? मंग तुजी मशीन नाव वाचते का कागुद बगते?"

डॉरिसचे हात थांबले. "मावशी, मी याला कागदच बघायला सांगितलेलं," ती म्हणाली.

खरंच होतं ते. दोन बरोबरची चिन्हं जोडून ती मला विचारत होती, ही नावं तुझ्या स्मृतीच्या एकाच कप्प्यात आहेत का? यादीतलं नाव एका कप्प्यात होतं, टाइप केलेलं दुसऱ्यात. मी नाही म्हणणारच. मग घरी तपासताना उत्तर बरोबर कसं आलं? तेव्हा तिने दोन्ही नावं प्रोग्रॅममध्येच लिहिली होती, आणि तिथे हुबेहूब सारखं लिहिलेलं नाव जावा एकदाच साठवते. कप्पा एकच, म्हणून नाव जुळलं होतं.

तिने ती चिन्हं खोडून 'इक्वल्स' लिहिलं. म्हणजे कप्पे सोड, अक्षरं ताडून बघ. मी ताडली, आणि नाव सापडलं. मला फार शरम वाटली. जनाबाईंनी दारालगतची जागा निवडली आणि माझ्या डोक्यावर हलकी टपली मारली.

"आता वलखलास मना?"

मित्रांनो, कधी माळ्यावर चढलात तर मला एकदा फडकं मारा. आणि तुमच्या नव्या यंत्राने कुणाला 'नाव नाही' म्हटलं, तर त्या माणसाला हटवण्याआधी यंत्राला नेमकं काय विचारलं होतं ते बघा. त्या दिवशी जनाबाई बाजूला झाल्या असत्या, तर मी आजही स्वतःला खरा समजत बसलो असतो.